खुडलेल्या दोन रांगा

जीपच्या टपावर माझी पेटी बांधताना बाबांनी दोरीला जितक्या गाठी मारल्या, तितक्या कापसाच्या गाडीलाही कधी मारल्या नसतील. दारव्ह्याच्या स्टँडबाहेर यवतमाळच्या सवाऱ्या गोळा करणारी ती जीप, आणि मागच्या बाकावर दोन बायांच्या मध्ये अंग चोरून बसलेली मी. पोरगी बंगळूरला निघाली आहे, हे बाबांनी ड्रायव्हरला आपणहून सांगितलं. "नोकरी लागली तिले." ड्रायव्हरने विचारलं, "कशात?" बाबा जरा थांबले आणि म्हणाले, "बागेत." माझ्या शेजारच्या बाईने लगेच विचारलं, "म्हंजे झाडाले पाणी घालाचं काम?" बाबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि दोरीला आणखी एक गाठ मारली.

जीप सुटली तेव्हा आई म्हणाली, "टायमावर जेवत जाय." बाबा म्हणाले, "नाहीच जमलं तं येऊन जाय. आपलं वावर हाय." बापाने लेकीला याहून जास्त काय सांगायचं? पण मला ते लागलं. मी हरून परत येणार, हे त्यांनी मनात धरूनच ठेवलं होतं.

हे मी गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे गाव सोडून पुण्याला, हैदराबादला, सुरतेला गेले त्यांच्यासाठीही. गावी गेल्यावर आपल्याला सगळे एकच विचारतात, "काय करतं तिकडं?" तुम्ही "कंपनीत हाय" म्हणता आणि प्रश्न मिटतो. कसली कंपनी, हे कुणी विचारत नाही. मी "बागेत" म्हणते आणि समोरच्याच्या तोंडावर जी दया येते, ती बघून माझं डोकं फिरतं. मला माझ्या कामाचा अभिमान आहे, जरा जास्तच आहे. सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

अकोल्याला मी उद्यानविद्या शिकत होते, तोवर घरी सगळं ठीक होतं. उद्यान म्हणजे संत्रा, लिंबू, फार तर डाळिंब, असा सगळ्यांचा समज. मी शोभेच्या झाडांकडे वळले तेव्हा बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग म्हणाले, "संत्र्याचं शिकली असती तं कामी आलं असतं." त्यात त्यांचं चुकलं होतं असं नाही. आमच्या गावात फुलझाडं नव्हती का? होती. झेंडू दसऱ्यापुरता, सदाफुली आपली आपण उगवलेली, आणि आईची शेवंती पायरीशी तेलाच्या डब्यात. पण त्यांच्यासाठी कुणी वेगळं पाणी काढलेलं मी पाहिलं नाही. पाणी बैलांचं, पऱ्हाटीचं म्हणजे कापसाच्या झाडांचं, आणि तुरीचं. भांड्यांचं उरलेलं शेवंतीला. ती तरीही फुलायची, हा तिचा मोठेपणा.

इथे आले तर सगळं उलटं. ही नुसती फिरायची बाग नाही, वनस्पती उद्यान आहे. म्हणजे प्रत्येक झाडाची इथे ओळख ठेवलेली असते. ते कुठून आलं, बी की कलम, कधी लावलं, त्याचं शास्त्रीय नाव काय. झाड मेलं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. पहिल्या महिन्यात मी एका वळणावर थांबले तर समोर पळस. आमच्या वावराच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, ज्याच्या पानांच्या पत्रावळी करून आम्ही जेवलो तो पळस. त्याला पितळी पाटी, भोवती कुंपण, आणि एक जपानी बाई त्याच्या फुलाचं चित्र काढत बसलेली. मी तिथे उभी राहून हसत होते. बाईला वाटलं असेल, ही कोण वेडी.

हळूहळू शब्द बदलले. मी ‘पॉटिंग मिक्स’ म्हणू लागले, ‘कटिंग’, ‘मिस्ट’, ‘शेडनेट’ म्हणू लागले. झाडाला ‘गिडा’ आणि फुलाला ‘हूवू’ म्हणायला देवम्माने शिकवलं. देवम्मा रोपवाटिकेत माझ्या कितीतरी आधीपासून आहे आणि तिचं माझं जमतं, कारण आम्ही दोघी तोंडाळ आहोत. फोनवर आईशी बोलताना मी एकदा "कटिंग्स रूट झाल्या", म्हणजे कलमांना मुळं फुटली, असं म्हणाले, तर आई म्हणाली, "देव बरं करो." तिला ते कुणाच्या दुखण्याबद्दल वाटलं होतं.

सहाव्या वर्षी मला शेवंतीचं मांडण मिळालं. आमच्याकडे डिसेंबरात शेवंतीचं प्रदर्शन भरतं आणि प्रत्येक मांडणापुढे ज्याने ते वाढवलं त्याच्या नावाची पाटी लागते. माझ्याकडे आली एकफुली शेवंती. एका झाडाला एकच काठी, एकच देठ आणि टोकाला एकच फूल, पण ते भाकरीएवढं. त्यासाठी जूनमध्ये कटिंग लावायची, बाजूला फुटलेला प्रत्येक कोंब काढत राहायचं आणि सगळा जोर शेंड्याकडे जाऊ द्यायचा. रात्री काही वेळ दिवे लावून झाडाला दिवस मोठा आहे असं भासवायचं, म्हणजे ते वाढत राहतं. हव्या त्या तारखेला दिवे बंद केले, की रात्र लांबली असं समजून ते कळी धरतं. सगळा हिशेब शेंड्याचा आणि तारखेचा. चार रांगा होत्या. मी त्यांच्याकडे सकाळी चहाच्या आधी जात होते.

बाबा आले ते नेमके सप्टेंबरात. पोळा झाला होता, फवारणी आटोपली होती आणि पऱ्हाटीचे शेंडे खुडायला अजून आठवडा होता. आईने त्यांना जवळजवळ ढकलून पाठवलं. "पोरगी काय करते ते पाहून तं या." वर्ध्याहून गाडीत बसून ते आले, बंगळूरच्या गारव्यात स्वेटर घालून, हातात तुरीच्या डाळीची पिशवी. बाग दाखवली. पळसाच्या कुंपणापुढे म्हणाले, "याले कुंपण? आमच्याइकडं याले कुऱ्हाड." शंभर वर्षांचे मोठे वृक्ष बघून मान वर करकरून त्यांची टोपी पडली, तरी "लाकूड चांगलं निघन" यापलीकडे त्यांचं मत मला कळलं नाही. माझ्या चार रांगांपुढे ते थांबले. मी अभिमानाने काठ्या दाखवल्या, ताठ देठ दाखवले. तेवढ्यात मला ऑफिसातून बोलावणं आलं.

ज्यांनी कधी पऱ्हाटी लावली नाही त्यांच्यासाठी सांगते. पऱ्हाटी छातीला लागली की तिचा शेंडा दोन बोटांत धरून खुडतात. उंची थांबते आणि जोर फांद्यांना, बोंडांना मिळतो. आमच्या घरात हे काम बाबांचं. रांगेतून चालत, कुणाशी बोलत, बिडी ओढत, त्यांचा उजवा हात आपला आपण खुडत जातो. पिढ्यान्‌पिढ्या तो हात तसा चाललेला आहे.

मी परत आले तेव्हा बाबा दुसऱ्या रांगेच्या शेवटाला होते. चेहऱ्यावर समाधान होतं, पाहुण्याने फुकट न खाता काहीतरी हातभार लावल्याचं. म्हणाले, "तुहे झाडं निस्ते वरच चालले होते, वैशू. दोन वळी खुडून देल्या. आता पाह्यजो कशा फांद्या धरतीन."

मागे देवम्मा आली, तिने रांगा पाहिल्या आणि कपाळाला हात लावून "अय्यो अप्पा" एवढंच म्हणाली. बाबांना काहीच कळत नव्हतं. ते तिसऱ्या रांगेकडे वळत होते, म्हणून मला बोलावंच लागलं.

"बाबा, याहीचा शेंडा नसते खुडाचा. एका झाडाले एकच फूल, अन ते शेंड्यालेच येते."

त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तो हिरवा झाला होता. "म्हंजे म्या फूलच खुडलं?"

"हो."

तुम्ही म्हणाल, बापाला असं तोंडावर सांगायला नको होतं. पण मी त्यांचीच लेक आहे. वावरात रोग पडला तर आमच्या घरात कुणी गोड बोलत नाही, वावरात जातं. बाबा कुंडीजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी खुडलेला देठ चाचपून पाहिला. मग विचारलं, "मंग आता?"

आणि मी त्यांना सगळं सांगितलं. शेंडा गेला म्हणजे झाड मेलं नाही. खालून कोंब फुटतील, त्यांतले तीन ठेवता येतील आणि एका झाडाला तीन फुलं घेता येतील. मोठी नाही, पण डौलदार. प्रश्न दिव्यांचा होता. ठरल्या तारखेला दिवे बंद केले तर कोंब बोटभर असतानाच कळी धरतील आणि प्रदर्शनाच्या उद्घाटनाला खुरटी, चिमुकली फुलं दिसतील. या दोन रांगांचे दिवे आणखी काही दिवस चालू ठेवले तर देठ चांगले होतील, फूल चांगलं येईल, पण उद्घाटन होऊन गेल्यावर.

"म्हंजे तुमी झाडाले फशिवतं," बाबा म्हणाले. "आमच्याइकडं पंपाले लाईन नाही, अन अठी फुलाले दिवे." मग त्यांनी विचारलं, "तुह्या सायबाले काय पाह्यजे, तारीख का फूल?"

हा प्रश्न घेऊनच मी सरांकडे गेले. आमचे सर मुख्य उद्यानतज्ज्ञ, बोलायला मऊ आणि कामाला कडक. सगळं खरं सांगितलं. ते चिडले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, दोन रांगा काढून टाक, बाहेरच्या नर्सरीतून फुललेल्या कुंड्या आणू, कुणाला कळणार नाही. मी म्हणाले, मला कळेल. पाटीवर नाव माझं आहे, तर तिच्यामागे मी वाढवलेलंच राहील. सरांनी चष्मा काढला आणि सांगितलं, "मग उद्घाटनाला हिरवी रांगही तुझ्याच नावावर. पाहुण्यांना मी काही समजावणार नाही." मी हो म्हणाले.

बाबांचं परतीचं तिकीट दोन दिवसांवर होतं. संध्याकाळी माझ्या खोलीत त्यांनी आईला फोन लावला. मी चहा करत होते. ते म्हणाले, "पऱ्हाटी तुमी खुडून घ्या. मले अठी काम हाय." माझ्या बागेला त्यांनी काम म्हटलं ते पहिल्यांदा, आणि तेही मला नाही, आईला. गॅसकडे तोंड करून मी रडले आणि चहा उतू गेला.

मग आम्ही बापलेक कामाला लागलो. त्या दोन रांगा शेडनेटच्या दुसऱ्या टोकाला हलवल्या, म्हणजे त्यांचा उजेड बाकीच्या दोन रांगांवर पडायला नको. मध्ये काळं कापड बांधायचं होतं. ते बाबांनी बांधलं, आणि त्या गाठी सोडवायला नंतर देवम्माला विळा घ्यावा लागला. कोंब फुटले तेव्हा खरी पंचाईत आली. प्रत्येक झाडाला पाच-सहा कोंब, त्यांतले तीन ठेवून बाकीचे काढायचे. शेंडा सहज खुडणाऱ्या माझ्या बाबांच्याने चांगला, रसरशीत कोंब काढवेना. "हे तं धडधाकट हाय वं. याचं काय बिघडलं?" मी सांगितलं, बिघडलं काही नाही, पण हा राहिला तर तिघांचंही अर्धं खाईल. त्यांनी तो कोंब बोटांत धरून पाहिला. मग म्हणाले, "गळफांदी." पऱ्हाटीला बुडातून एक जोरकस फांदी फुटते, दिसायला छान, बोंड नाही, नुसतं खाणारी. ती काढतात. तेव्हापासून त्यांचा हात मोकळा झाला. तरी प्रत्येक झाडाशी मला हाक मारून विचारायचे, "हे ठिवू का ते?" मी सांगायचे आणि ते तसंच करायचे. आयुष्यभर मी त्यांच्या मागे रांगेतून चालले, आता ते माझ्या मागे चालत होते. मला त्याचा आनंद झाला, आणि तो लपवावा असं मला अजिबात वाटलं नाही.

दसऱ्याच्या आधी ते परत गेले. जाताना सोयाबीन काढायची घाई होती, पण गाडीत बसल्यावर खिडकीतून विचारलं ते दिव्यांचं. "कधी बंद करशीन?" मी तारीख सांगितली. त्यांनी ती मनाशी दोनदा म्हटली.

डिसेंबरात उद्घाटन झालं. मागच्या दोन रांगांत भाकरीएवढी पिवळी आणि पांढरी फुलं, आणि पुढच्या दोन रांगा हिरव्यागार, कळ्या वाटाण्याएवढ्या. पाटीवर माझं नाव, आमच्या आडनावासकट. मोठे पाहुणे आले, फोटो निघाले. एका बाईंनी जाता जाता म्हटलं, "इथे फुलं लागलेली दिसत नाहीत." लाज वाटली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण मी पाटीजवळून हलले नाही. जो विचारेल त्याला सांगत होते, ही उशिराची आहेत, जानेवारीत या. सर लांबून बघत होते. वर्तमानपत्रात फोटो आला तो शेजारच्या मांडणाचा.

जानेवारीत मंडप उतरला, पाहुणे गेले, हार वाळले. मागची मोठी फुलं कडेने तपकिरी झाली होती. आणि तेव्हा पुढच्या रांगा उघडल्या. एका झाडाला तीन, वशिंडासारखी गोल आणि घट्ट, पाकळी आत वळलेली. ज्यांना प्रदर्शनाची पत्रिका जात नाही अशी माणसं तेव्हा बागेत येत होती. सकाळी चालायला येणारे म्हातारे, शाळेची सहल, सुट्टीच्या दिवशी बिल्डिंगांवर काम करणारे गुलबर्ग्याकडचे मजूर. ते मजूर बराच वेळ थांबले. एकाने आपल्या बायकोला फुलापुढे उभी करून फोटो काढला. सर आले, त्यांनी एक फूल खालून हाताने तोललं आणि "पुढच्या वर्षी तिफुलीच कर, पण वेळेवर," असं म्हणून निघून गेले. एवढं पुरे होतं.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते वावरात होते, कापसाची वेचणी चालू होती. फोन फुलांवर धरला तर पलीकडे आधी नुसतं आभाळ दिसलं, मग बाबांचा कान, मग चेहरा. त्यांनी वेचणाऱ्या बायांना हाक मारली. ओटीत कापूस घेतलेल्या चार-पाच जणी फोनभोवती गोळा झाल्या. बाबा सांगत होते, "हे पाहा. हे माह्या हातचं हाय. म्हंजे बिघडवलं म्या, अन दुरुस्त हिनं केलं. हिच्या वावरातलं हाय." एका बाईने विचारलं, "याचं करतेत काय, दादा? खातेत?" बाबा म्हणाले, "नाही वं. पाहतेत. पाहाले लोकं लांबून येतेत." हे त्यांनी आवाज न चोरता सांगितलं.

गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांनाच कधी ना कधी विचारतात, घर कुठलं तुमचं. मी बरीच वर्षं दोन उत्तरं देत होते. इथल्यांना दारव्हा सांगायचे, तिथल्यांना बंगळूर, आणि दोन्हीकडे थोडं खोटं बोलल्यासारखं वाटायचं. आता वाटत नाही. आमच्या घराचं वावर वाढलं आहे, एवढंच झालं. त्याचा एक तुकडा दारव्ह्याजवळ आहे, तिथे पऱ्हाटी आणि तूर असते, आणि एक तुकडा इथे शेडनेटखाली, तो माझ्याकडे आहे.

परवा पेरणी उरकून बाबांचा फोन आला. माझी तब्येत, जेवण, पगार, काही विचारलं नाही. म्हणाले, "औंदा कोणत्या वळी खुडाच्या अन कोणत्या तारखेले, ते आताच सांग. मले तिकीट काढा लागन."